ईमचे चर्च: वेशीवरचा दगड आणि नोंदवहीतली नावे

स्पेलिंग पाहून बहुतेकजण ‘एयाम’ म्हणतात. गावकरी म्हणतात ‘ईम’. डर्बिशरच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये, बेकवेल आणि चॅट्सवर्थपासून थोड्याच मैलांवर, डोंगराच्या कुशीत हे गाव आहे. भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की चॅट्सवर्थचा वाडा दाखवायला आपल्यापैकी बरेचजण नेतात. तिथून जेमतेम पंधरा-वीस मिनिटे गाडी हाकली की ईम येते. आपल्या मुलांना हे नाव आपल्याआधी ठाऊक असते, कारण इथल्या अनेक प्राथमिक शाळांत ‘प्लेगचे गाव’ म्हणून ते शिकवतात.

शाळेत सांगतात ती गोष्ट थोडक्यात अशी. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगने हाहाकार माजवला होता. त्या वर्षी ईममधल्या एका शिंप्याच्या घरी लंडनहून कापडाची पेटी आली. कापड दमट होते म्हणून मदतनीस जॉर्ज विकर्सने ते शेकोटीपुढे वाळत घातले. त्यात पिसवा होत्या. ७ सप्टेंबरला विकर्सला पुरले आणि मग घरामागून घर जाऊ लागले. पुढच्या जूनमध्ये गावच्या धर्मगुरूने लोकांना विनवले की आपण गाव सोडायचे नाही, रोग शेजारच्या गावांत न्यायचा नाही. गावाने ते ऐकले, वेस बंद केली आणि आपण मेले, पण आसपासचा मुलूख वाचवला.

गोष्ट खोटी नाही. मात्र ती ज्या कागदांवर उभी आहे ते एकेक पाहू लागलो की तिचे कंगोरे दिसतात. आणि ते सारे कागद या ना त्या वाटेने गावातल्या सेंट लॉरेन्स चर्चपाशी येऊन पोचतात.

इंग्लंडमधल्या जुन्या पॅरिश चर्चला आपण फक्त प्रार्थनेची जागा समजतो, तिथे आपली थोडी गफलत होते. पॅरिश म्हणजे त्या काळचे गावाचे सरकारच. १५३८ पासून प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवण्याची सक्ती होती. १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांना पोसण्याची जबाबदारीही पॅरिशवर आली. आपल्याकडचे कुलकर्ण्याचे दप्तर, गावचे देऊळ आणि पाटलाची चावडी एकाच छपराखाली आणली तर जे होईल, साधारण तसे. गावच्या रेक्टरला शेतीच्या उत्पन्नाचा दशांश मिळे, आणि रेक्टर कोणी व्हायचे हे बहुधा एखादा जमीनदार ठरवी. ईमला हा हक्क सर जॉर्ज सॅव्हिल यांच्याकडे होता.

ईमचे चर्च त्या मानाने साधे आहे. दगडी मनोरा, मध्ययुगातले खांब, आत थोडा अंधार. भिंतींवर इस्राएलच्या बारा वंशांची चिन्हे रंगवलेली आहेत. ती चुन्याखाली दडली होती आणि १९६३ साली पुन्हा उजेडात आली. बाहेर दक्षिणेच्या भिंतीवर १७७५ सालचे मोठे सूर्यघड्याळ आहे. आवारातला दगडी क्रूस तर चर्चच्याही आधीचा, आठव्या शतकातला आहे. त्याच्या खांबाचा एक तुकडा कधीच हरवला, त्यामुळे तो जरा बुटका दिसतो. क्रिकेटवाल्यांसाठी एक वेगळीच गंमत आहे. डर्बिशरकडून खेळलेला आणि पुढे अंपायर झालेला हॅरी बॅगशॉ इथेच पुरला आहे. त्याच्या दगडावर उडालेल्या यष्ट्या कोरल्या आहेत आणि वर अंपायरचे आभाळाकडे उचललेले बोट.

प्लेग आला तेव्हा या गावाला एक सोडून दोन धर्मगुरू होते, आणि त्यांचे एकमेकांशी पटण्याचे काही कारण नव्हते.

थॉमस स्टॅन्ली हा प्युरिटन. यादवी युद्धाच्या काळात, १६४४ साली, तो ईमला आला. राजाच्या बाजूचा जुना रेक्टर तेव्हा हटवला गेला होता. १६६० ला दुसरा चार्ल्स गादीवर आला, जुना रेक्टर परतला, स्टॅन्लीची जागा गेली. १६६२ च्या कायद्याने नवे प्रार्थनापुस्तक जसेच्या तसे मान्य करणे सक्तीचे झाले. स्टॅन्लीसारख्या शेकडो धर्मगुरूंनी नकार दिला आणि पोटावर पाय आणून घेतला. १६६४ मध्ये तो जुना रेक्टर वारला आणि त्या जागी विल्यम मॉम्पेसन आला. वय अठ्ठावीसच्या आसपास, केंब्रिजचा पदवीधर, सोबत बायको कॅथरीन आणि दोन लहान मुले, जॉर्ज आणि एलिझाबेथ. गावकऱ्यांच्या दृष्टीने हा वरून लादलेला परका माणूस. त्यांचा जीव अजून स्टॅन्लीवर होता.

स्टॅन्ली गावात राहिला होता ही गोष्टही साधी नाही. १६६५ च्या ‘पाच मैलांच्या’ कायद्याप्रमाणे, सरकारी शपथ न घेतलेल्या अशा धर्मगुरूला आपल्या जुन्या पॅरिशच्या पाच मैलांच्या आत राहायला बंदी होती. कायदा १६६६ च्या मार्चअखेर लागू झाला. म्हणजे त्या उन्हाळ्यात मॉम्पेसनने ज्याचा हात धरला, त्याचे गावात असणेच बेकायदा होते.

दोघांनी मिळून लोकांपुढे तीन गोष्टी ठेवल्या असे परंपरा सांगते. एक, आपापली माणसे आपणच, आपल्या परसात किंवा शेतात पुरायची. चर्चमध्ये अंत्यविधी नाहीत. दोन, चर्चला कुलूप, प्रार्थना उघड्यावर, कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत, घराघरांनी अंतर ठेवून उभे राहून. तीन, कोणी वेशीबाहेर जायचे नाही. स्टोनी मिडलटनच्या वाटेवर भोके पाडलेला एक दगड आजही आहे. त्या भोकांतल्या व्हिनेगरमध्ये नाणी ठेवायची आणि पलीकडच्यांनी ठेवलेले अन्न उचलायचे. उत्तरेच्या बाजूला एक झरा आहे, तिथेही अशीच देवघेव चाले. त्याला आता मॉम्पेसनची विहीर म्हणतात. चॅट्सवर्थहून डेव्हनशरच्या अर्लने रसद पुरवली.

जुलैत पन्नासहून जास्त माणसे गेली, ऑगस्टमध्ये ७८. गावाबाहेरच्या रायली शेतावर एलिझाबेथ हॅनकॉकने ३ ते १० ऑगस्ट या आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले पुरली. मदतीला कोणी येत नव्हते. प्रेताच्या पायाला कापड बांधून तिने एकेकाला ओढत नेले, अशी आठवण गावात राहिली. शेतातल्या त्या सात कबरी दगडी कुंपणात जपलेल्या आहेत. चर्चपेक्षा तिथे जास्त वेळ थांबावेसे वाटते, हे खरे सांगतो.

चर्चच्या आवारात प्लेगची ठळक कबर एकच, कॅथरीन मॉम्पेसनची. मुलांना पुढे यॉर्कशरला नातेवाइकांकडे पाठवून दिल्यावर ती नवऱ्याजवळ राहिली आणि २५ ऑगस्टला गेली. वय २७. बाकीचे परसात गेले आणि ती चर्चच्या दाराशी; पद आणि मान मरणातही कसे पाळले गेले ते इथे उघड दिसते.

मॉम्पेसनची तीन पत्रे टिकून आहेत. ३१ ऑगस्टला मुलांना, आई गेल्याचे सांगणारे. दुसऱ्याच दिवशी सर जॉर्ज सॅव्हिलना. त्यात आपण आता वाचत नाही अशी त्याची खात्री झालेली दिसते, आणि आपल्या जागी कोणी नम्र, सदाचारी माणूस नेमावा अशी विनंती आहे. तिसरे २० नोव्हेंबरचे, संकट ओसरल्यावर. त्यात तो हिशेब देतो: ७६ घरांत रोग शिरला आणि २५९ माणसे गेली.

हा आकडा आणि चर्चमधली यादी पूर्ण जुळत नाही. चर्चच्या यादीत २७३ नावे आहेत. आज जी नोंदवही आहे ती मूळ नसून नंतरच्या रेक्टरच्या काळात केलेली नक्कल आहे, हेही ध्यानात ठेवायला हवे. पण खरा गोंधळ आहे तो उरलेल्यांच्या आकड्यात. बराच काळ असे छापले गेले की ३५० लोकवस्तीच्या गावात अवघे ८३ वाचले. त्या काळच्या चूलकराच्या याद्या आणि नोंदवह्या ताडून अभ्यासकांनी वस्ती ७०० ते ८०० धरली आहे. म्हणजे गावातला दर तिसरा माणूस गेला. ते काही कमी भयंकर नाही. तरी ‘चारातले तीन मेले’ हे सांगायला जास्त सोपे, म्हणून तेच सांगितले जाते.

आता मूळ प्रश्नाकडे. वेस कोणी बंद केली?

सर्वात जुना छापील उल्लेख १७०२ सालचा, विल्यम बॅगशॉ या धर्मोपदेशकाचा (क्रिकेटवाला बॅगशॉ वेगळा). हा स्वतः स्टॅन्लीसारखाच हाकलला गेलेला. तो लिहितो की काही लोक स्टॅन्लीला गावातून काढा म्हणून अर्लकडे गेले, तेव्हा अर्लने त्यांना सुनावले की उलट साऱ्या मुलखाने या माणसाचे उपकार मानले पाहिजेत, कारण रोग शेजारच्या गावांत जाऊ नये याची काळजी त्याच्याइतकी दुसऱ्या कोणी घेतली नाही. मॉम्पेसनचे श्रेय इथे नाही.

पुढे १७२२ मध्ये डॉक्टर रिचर्ड मीड यांच्या प्लेगवरच्या पुस्तकात ईम आले. मीड यांना माहिती मिळाली मॉम्पेसनच्या मुलाकडून. त्यामुळे इथे सगळे श्रेय रेक्टरचे: त्याने आजाऱ्यांना माळावरच्या झोपड्यांत हलवले, अर्लकडून अन्नाची सोय केली आणि पॅरिशबाहेर कोणी जाणार नाही याची पक्की व्यवस्था केली. मीड यांना तेव्हा सरकारला हेच पटवायचे होते की साथीत माणसे अडवून धरता येतात. फ्रान्समध्ये मार्सेयला नुकताच प्लेग येऊन गेला होता आणि इंग्लंडात क्वारंटाइनच्या कायद्यावर वाद चालू होते.

दोन्ही बाजूंनी आपापला माणूस पुढे केला. आणि दोन्हीकडे एक गोष्ट नाही: गावाने एकत्र बसून, स्वखुशीने घेतलेला तो निर्णय. मीड यांच्या मजकुरात लोकांना आत ठेवले गेले आहे, लोक आत राहिलेले नाहीत. स्वखुशीचा त्याग ही छटा नंतरची. ईममध्येच जन्मलेली कवयित्री ॲना सीवर्ड आणि १८४२ साली गावाचा इतिहास लिहिणारा विल्यम वुड यांच्यासारख्यांनी गोष्टीला तो रंग चढवला. एमट आणि रोलंड या, वेशीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना पाहणाऱ्या प्रेमिकांची गोष्टही याच रंगातली. पॅट्रिक वॉलिस या इतिहासकाराने २००६ च्या सुमारास या साऱ्या थरांची चिकित्सा केली, तेव्हा गोष्टीचे मोठे भाग फार उशिराचे निघाले.

मग गावकऱ्यांचा त्याग खोटाच का? मला तसे म्हणवत नाही. ज्यांच्याकडे पैसा होता आणि बाहेर आसरा होता ते जूनआधीच निघून गेले होते. रेक्टरची स्वतःची मुलेही बाहेर होती. उरले ते शिशाच्या खाणीत राबणारे आणि लहान शेतकरी. १६६२ च्या वसाहत कायद्याप्रमाणे परक्या पॅरिशमध्ये आलेल्या गरिबाला चाळीस दिवसांच्या आत परत धाडता येई. प्लेगच्या गावातून आलेल्याला तर कोणी वेशीवरही उभे केले नसते. १६०४ च्या प्लेग कायद्यात रोगी घरातून बाहेर पडणाऱ्याला जबर शिक्षा होती. जायला जागाच नसताना थांबलेला माणूस वीर नव्हे, असे कोणी म्हणू शकेल. पण चार महिने रोज शेजारच्या घरातून ओढत नेलेले प्रेत पाहायचे, आणि रात्री डोंगर ओलांडून निसटण्याची वाट मोकळी असताना निसटायचे नाही, यात रेक्टरचा धाक आणि अर्लची भाकरी एवढेच असेल असे मानायला मन तयार होत नाही. चौदा महिन्यांत शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबर १६६६ चा. रोग शेजारी पसरला नाही.

इथे एक धागा थेट मुंबईशी जुळतो, आणि तो ईममध्ये कुठल्या पाटीवर लिहिलेला मला दिसला नाही. मीड आणि वुड दोघेही कापडाची पेटी सांगतात. पिसवा मात्र सांगत नाहीत, सांगूच शकत नव्हते. त्यांच्या मते रोगाचे बीज कापडात, दमट हवेत होते. कापडातल्या पिसवा ही आज प्रत्येक मुलाला पाठ असलेली गोष्ट कळायला १८९६ चा मुंबईचा प्लेग यावा लागला. मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती स्वतःला टोचून घेतली. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदीर आणि पिसू यांचा संबंध प्रयोगाने दाखवला. त्यावर तेव्हा फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, प्लेग कमिशनने प्लेगच्या घरांत गिनिपिग ठेवून तो संबंध पक्का केला. ईमच्या शिंप्याच्या पेटीतली पिसू परळमध्ये सापडली, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही.

आपल्या पणजी-खापरपणजीच्या पिढीला हे शास्त्राआधीच ठाऊक झाले होते. ‘उंदीर पडायला लागले’ म्हटले की गाव उठायचे आणि रानात, माळावर झोपड्या घालून राहायचे. ईमने बरोबर उलटे केले. माणसे उंदरांसकट आत राहिली. ईमच्या कागदांत कुठेही मेलेल्या उंदरांचा उल्लेख नाही. कोणी पाहिले नाहीत की लिहिण्यासारखे वाटले नाहीत, कोण सांगणार. २०१६ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या नोंदवहीच्या आधारे केलेले गणित छापून आले. त्याप्रमाणे ईममधल्या सुमारे तीन चतुर्थांश लागणी माणसाकडून माणसाला झाल्या, उंदरांकडून फक्त एक चतुर्थांश. तसे असेल तर चर्चला कुलूप घालून उघड्यावर लांब लांब उभे राहणे हा त्या वर्षीचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता.

पुण्याची आठवण इथे येणारच. १८९७ मध्ये रँडच्या हाताखालचे सोल्जर घरात घुसून झडती घेत, माणसांना विलगीकरणाच्या छावणीत नेत. त्याच मार्चमध्ये रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, आणि जूनमध्ये चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. रोग तोच, माणसांना वेगळे करण्याचा उपायही पुष्कळसा तोच. ईममध्ये मात्र तो उपाय सांगणारा माणूस त्याच गल्लीत राहत होता आणि त्याचीही बायको मेली होती.

नर्सरीतले गुलाबांच्या रिंगणाचे, शेवटी सगळ्यांनी खाली पडायचे गाणे प्लेगचे आहे, असे ईमच्या वाटेवर कोणीतरी मुलांना हमखास सांगते. लोकगीतांचे अभ्यासक ते मानत नाहीत; प्लेगचा अर्थ विसाव्या शतकात कोणीतरी जोडला.

दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ‘प्लेग संडे’ला कक्लेट डेल्फच्या घळीत उघड्यावर प्रार्थना होते. ही प्रथा दोनशेव्या स्मृतिवर्षापासूनची, १८६६ ची. चर्चमध्ये गेलात तर मॉम्पेसनची म्हणून दाखवतात ती खुर्ची पाहा, १९८५ ची रंगीत काचेची खिडकी पाहा, आणि नावांची यादी शांतपणे वाचा. एकाच आडनावाच्या ओळी एकाखाली एक येत जातात. बाहेर आवारात स्टॅन्लीच्या स्मरणाचा दगडही आहे. तो १६७० साली ईममध्येच वारला.

मॉम्पेसन मात्र इथे राहिला नाही. सॅव्हिल यांनी त्याला नॉटिंगहॅमशरमधल्या इक्रिंगला नेमले. प्लेगच्या गावाहून आलेला माणूस म्हणून तिथल्या लोकांनी त्याला गावात घेतले नाही. काही काळ तो रफर्डच्या रानात एका झोपडीत राहिला आणि गावाबाहेरच्या ॲशच्या झाडाखाली उभा राहून उपदेश करी. ते झाड आता नाही. त्या जागी दगडी क्रूस आहे.